‘शेफालिका’ म्हणजे कोणते पान?
वेदनाशामक द्रव्यांच्या शोधातील एक शब्दप्रश्न

अकराव्या शतकातील बंगालचा प्रसिद्ध वैद्य चक्रपाणिदत्त याने आपल्या चिकित्सासंग्रहात, म्हणजे ज्याला आपण ‘चक्रदत्त’ या नावाने ओळखतो त्या ग्रंथात, गृध्रसीवर एक साधा उपाय दिला आहे. गृध्रसी म्हणजे कमरेतून निघून मांडीच्या मागील बाजूने पायापर्यंत उतरणारी कळ; हल्लीच्या बोलण्यात ‘सायटिका’. उपाय असा, की शेफालिकेच्या पानांचा मंद विस्तवावर सिद्ध केलेला काढा रोग्यास द्यावा. पाठ लहान, द्रव्य एकच आणि गुणाची ग्वाही निःसंदिग्ध. वनस्पतींच्या पानांत शोथहर व वेदनाशामक द्रव्ये शोधणाऱ्या आधुनिक संशोधकास असा पाठ विशेष सोयीचा वाटावा हे साहजिक आहे. दहा-वीस द्रव्यांच्या कल्पातून कार्यकारी द्रव्य वेगळे काढणे दुष्कर; येथे एकच पान आहे. अडचण एवढीच, की ते पान कोणत्या झाडाचे याविषयी एकमत नाही. एक पक्ष म्हणतो, शेफालिका म्हणजे पारिजातक. दुसरा म्हणतो, शेफालिका हा निर्गुडीचाच पर्याय.

प्रस्तुत लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा आहे, रसायनाचा किंवा वैद्यकाचा नव्हे. परंतु हा वाद मुळात शब्दाचा असल्यामुळे त्यात शिरण्याचा थोडा अधिकार भाषाभ्यासकासही आहे असे वाटते.

प्रथम दोन्ही झाडे डोळ्यांपुढे आणू. निर्गुडीचे पान संयुक्त. एका देठावर हाताच्या बोटांप्रमाणे पसरलेली तीन किंवा पाच दले, वरून हिरवी, खालून राखट-पांढुरकी, चुरगळली असता उग्र दर्पाची. फुले लहान, निळसर जांभळी. पारिजातकाचे पान साधे, समोरासमोर येणारे आणि इतके खरखरीत की लाकूड घासून गुळगुळीत करण्यास ते वापरीत. मराठीत या झाडाचे ‘खुरासली’ असेही एक नाव नोंदलेले आहे. फुले पांढरी, केशरी देठाची, रात्री उमलून पहाटे गळणारी. खेड्यातील कोणत्याही म्हातारीपुढे ही दोन पाने ठेवली तर ती क्षणाचाही विलंब न लावता वेगळी करील. पान ज्याच्या हाती आहे त्याची चूक होत नाही. केवळ शब्द ज्याच्या हाती आहे त्याची होते. वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात मात्र काही काळ या दोहोंची गाठ पडली होती, ही गंमत नोंदण्यासारखी आहे. निर्गुडीची गणना पूर्वी व्हर्बिनेसी कुलात होत असे आणि पारिजातकालाही काही विद्वानांनी त्याच कुलात बसविले होते. आता निर्गुडी तुळशीच्या कुलात, म्हणजे लॅमिएसीत, व पारिजातक मोगऱ्याच्या कुलात, म्हणजे ओलिएसीत, मानला जातो.

घोटाळ्याचे मूळ अमरकोशात आहे. वनौषधिवर्गात अमरसिंहाने सिंदुवाराचे पर्याय देताना निर्गुंडी हे नाव त्यांत घातले आहे; इंद्रसुरस व इंद्राणिका ही त्याच गटातील इतर नावे होत. पुढे एका श्लोकाच्या अंतराने तो शेफालिकेकडे वळतो आणि तिचे पर्याय म्हणून सुवहा, निर्गुंडी व नीलिका ही नावे देतो. एकच ‘निर्गुंडी’ दोन निरनिराळ्या गटांत आली. याचा अर्थ अमराच्या मते ती दोन झाडे होती की एकाच झाडाचे दोन भेद होते, हे कोशाच्या संक्षिप्त रचनेतून कळण्यास मार्ग नाही. कोशकार पर्याय देतो, वर्णन देत नाही. आणि पर्यायांची साखळी एकदा जोडली गेली की तिचे कोणतेही टोक धरून वाचक हवे तिकडे जाऊ शकतो.

सोळाव्या शतकातील भावमिश्राने ही साखळी एका टोकाने ओढून घट्ट केली. ‘भावप्रकाशा’च्या निघंटुभागात त्याने पांढऱ्या फुलांचा तो सिंदुवार आणि निळ्या फुलांची ती निर्गुंडी असा भेद केला व शेफाली आणि सुवहा ही नावे या निळ्या निर्गुंडीस दिली. अमराने दिलेले ‘नीलिका’ हे नाव या निर्णयास अनुकूल आहे हे खरे. पारिजातकाच्या फुलात निळेपणाचा लेशही नाही. ‘भावप्रकाश’ हा पुढील काळात पाठ्यग्रंथ झाल्यामुळे त्याचा निर्णय दूरवर पोहोचला.

याच्या उलट टोक कलकत्त्यात धरले गेले. सर विल्यम जोन्स यांचा निवडक भारतीय वनस्पतींवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, 1795 साली, ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात प्रसिद्ध झाला. बंगाली पंडितांच्या साह्याने अमराची नावे प्रत्यक्ष झाडांशी जुळविण्याचा तो एक आरंभीचा प्रयत्न होय. त्यात सिंदुक म्हणजे व्हायटेक्स, अर्थात निर्गुडी, आणि शेफालिका म्हणजे निक्टँथस, अर्थात पारिजातक, अशी स्पष्ट वाटणी आहे. लिनियसने या दुसऱ्या झाडास ‘खिन्न वृक्ष’ अशा अर्थाचे लॅटिन विशेषण दिले होते. इतक्या प्रसन्न झाडात खिन्न असे काय आहे, असा आक्षेप जोन्स यांनी तेथे घेतला आहे, आणि तो कोणाही मराठी माणसास पटेल.

आता शब्दाचा पुरावा. संस्कृत ‘शेफालिका’ प्राकृतात ‘सेहालिआ’ होते. दोन स्वरांमधील ‘फ’चा ‘ह’ होणे हा प्राकृताचा सर्वपरिचित नियम आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त उद्धृत केलेल्या एका प्राकृत गाथेत नांगरकऱ्याच्या सुनेला सांगितले आहे, की खाली पडलेली फुले वेच, सेहालिआ हलवू नकोस. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही गाथा ध्वनीसाठी ठाऊक असते. आपणांस ती येथे वनस्पतिशास्त्रासाठी उपयोगी आहे. ज्या झाडाची फुले तोडावयाची नसून जमिनीवर पडलेली वेचावयाची असतात आणि जे हलविताच फुलांचा सडा पडतो, ते झाड निर्गुडी असू शकत नाही. ‘ऋतुसंहारा’त शेफालिकेचा उल्लेख शरदाच्या वर्णनात व सुगंधासाठी येतो, तोही पारिजातकाकडेच बोट दाखवितो. काव्यातील शेफालिका म्हणजे पारिजातक, याविषयी मला तरी शंका वाटत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा शब्दाच्या पुढील आयुष्याचा आहे. बंगालीत हा शब्द ‘शिउली’ या रूपाने जिवंत राहिला आणि घराघरांत त्याच झाडाला लागला. मराठीत ‘सेहालिआ’ची संतती उरली नाही, झाडाला आपण पारिजातक किंवा प्राजक्त म्हणू लागलो. हिंदी प्रदेशात ‘हरसिंगार’ रूढ झाले. म्हणजे बंगालमध्ये शब्दाला झाडाचा आधार राहिला. अन्यत्र तो केवळ कोशात उरला, आणि कोशात उरलेला शब्द पर्यायांच्या संगतीने सरकत सरकत निर्गुडीपाशी गेला. भावमिश्राचा निर्णय आणि जोन्स यांच्या पंडितांचा निर्णय यांतील अंतर हे मला विद्वत्तेचे अंतर वाटत नाही, भाषेच्या भूगोलाचे वाटते. चक्रपाणिदत्त बंगालचा. निर्गुंडी हे नाव तो आपल्या ग्रंथात अन्यत्र सरळ वापरतो. त्याअर्थी गृध्रसीच्या पाठात त्याने मुद्दाम ‘शेफालिका’ लिहिले असेल तर त्याला शिउलीचे पान अभिप्रेत होते, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

येथे कोणी म्हणेल, की मग मराठी नाव वापरावे म्हणजे प्रश्न मिटला. तो मिटत नाही. ‘पारिजातक’ हे आपले नाव अमरकोशात ज्या गटात येते तेथे पारिभद्र व मंदार ही नावे आहेत आणि त्याचा अर्थ सामान्यतः पांगारा असा घेतला जातो. संस्कृत ग्रंथात पारिजातकाची पाने असा उल्लेख पाहून मराठी वाचक प्राजक्ताची पाने तोडील, आणि ग्रंथकाराच्या मनात पांगारा असेल. देशी भाषांनी एके ठिकाणी घोटाळा टाळला, दुसरीकडे नवा केला.

निर्गुडीच्या नावाचा प्रवास याच्या अगदी उलट आहे. तो झाडाला धरून राहिलेल्या शब्दाचा प्रवास आहे. संस्कृत ‘निर्गुण्डी’, प्राकृत ‘णिग्गुंडी’, मराठी ‘निगडी’ व ‘निगड’. रकार प्राकृतातच लोपला. आपण ‘निर्गुडी’ म्हणतो त्यात तो संस्कृताच्या संस्काराने परत आलेला आहे. निगडी व निर्गुडी या नावांची गावे पुणे-सातारा भागात आहेत, त्यांत हेच झुडूप दडलेले असावे. मराठीत आणि कोकणीत ‘लिंगड’ असेही रूप नोंदलेले आढळते. ‘न’चा ‘ल’ होणे आपल्याकडे नवे नाही: निंबाचे लिंब, नवनीताचे लोणी. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात या झाडाला स्वतंत्र संवाद दिला आणि नाव लिहिले ‘नेगुंडो’. त्यात रकार नाही. म्हणजे ओर्ताने हे नाव पंडिताच्या पोथीतून नव्हे, लोकांच्या तोंडून घेतले. सोबत त्याने ‘संबाली’ हे दुसरे नाव दिले, ते हिंदी ‘संभालू’शी जुळते. वेदनेवर व सुजेवर या पाल्याचा लोक किती सर्रास उपयोग करीत हेही त्याच्या लिहिण्यातून दिसते. याच ग्रंथात ‘खिन्न वृक्षा’वर वेगळा संवाद आहे आणि तेथे नाव ‘परिझाताको’ असे दिले आहे. सोळाव्या शतकातील गोव्याच्या बोलीत ही दोन झाडे संपूर्णपणे वेगळी होती, त्यांची नावेही वेगळी होती. ओर्ता कोश वाचून लिहीत नव्हता म्हणून तो वाचला.

क्लुसियसने 1567 साली अँटवर्प येथे ओर्ताच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि ‘नेगुंडो’ युरोपभर गेले. 1753 साली लिनियसने निर्गुडीला व्हायटेक्स नेगुंडो म्हटले आणि त्याच ग्रंथात उत्तर अमेरिकेतील एका मेपल वृक्षालाही, पानांच्या साम्यामुळे, एसर नेगुंडो हे नाव दिले. कोकणपट्टीतील शब्द अमेरिकेतील झाडावर जाऊन बसला. फिलिपीन्समध्ये निर्गुडीला ‘लागुंडी’ म्हणतात, मलाय-जावा भागात तिच्या जवळच्या जातीला ‘लेगुंडी’. ही नावे संस्कृत शब्दापासूनच गेली असावीत असे ध्वनी व अर्थ दोन्ही पाहता वाटते. लागुंडीच्या पाल्याचा तेथे सरकारमान्य उपयोग मुख्यतः खोकल्यावर आहे. सुश्रुताने निर्गुंडी ज्या सुरसादि गणात घातली तो गणही पडसे, खोकला, श्वास यांवरचा आहे, वेदनेवरचा नव्हे. दोहोंत परंपरेचा काही धागा आहे असा दावा मी करीत नाही. परंतु पानाची कीर्ती प्रदेशागणिक बदलते हे ध्यानात ठेवावे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. पानांतील शोथहर गुण तपासण्याची रूढ कसोटी 1962 साली विंटर, रिस्ली व नस यांनी मांडली. उंदराच्या मागील पायाच्या तळव्यात कॅरागीनन या समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या द्रव्याचा एक टक्का द्राव 0.1 मिलिलिटर टोचतात. काही तासांत पाय सुजतो. आधी औषध दिलेल्या उंदराचा पाय किती कमी सुजला हे मोजतात. वेदनेसाठी त्याआधीच्या दोन कसोट्या प्रचारात होत्या: 1944 ची वुल्फ व मॅकडोनल्ड यांची तापलेल्या पत्र्याची, आणि 1959 ची कोस्टर व सहकाऱ्यांची, जिच्यात ॲसेटिक आम्ल पोटात टोचल्यावर प्राणी किती वेळा अंग पिळवटतो हे मोजतात. पहिली मॉर्फिनसारख्या द्रव्यांना प्रतिसाद देते, दुसरी ॲस्पिरिनसारख्यांनाही. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखून काम करते हे जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखविले. त्यानंतर या कसोट्यांत उतरलेल्या पानांच्या गुणाचा अर्थही त्याच भाषेत लावला जाऊ लागला.

जाता जाता: ‘ॲस्पिरिन’ हे 1899 सालचे नावही एका झुडपाची आठवण आहे. त्यातील ‘स्पिर’ हा भाग स्पायरिया या वनस्पतिनामातून आला. त्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव पुढे फिलिपेंड्युला झाले, गोळीचे नाव मात्र जुन्याच नावाला चिकटून राहिले.

या चाळणीतून आपली दोन्ही पाने गेली. पारिजातकाच्या पानांच्या अल्कोहोली अर्काचा जलविद्राव्य भाग सक्सेना व सहकाऱ्यांनी 1984 साली तपासला. तो शोथहर ठरला. 1987 साली त्यांनीच त्याचे वेदनाशामक व ज्वरहर गुण प्रसिद्ध केले. वेदनाशमन ॲस्पिरिनच्या जातीचे निघाले, मॉर्फिनच्या नव्हे. निर्गुडीच्या बाबतीत 1999 साली तेलंग व सहकाऱ्यांनी, तर 2003 साली श्रीलंकेतील धर्मसिरी व सहकाऱ्यांनी जून ताज्या पानांच्या जलीय अर्काचे शोथहर व वेदनाशामक परिणाम नोंदविले. सिंहलीत या झाडास ‘निका’ म्हणतात आणि तेथील वैद्यपरंपरेचा दावा पडताळणे हाच त्या कामाचा हेतू होता. दोन्ही पानांतून निरनिराळी द्रव्ये वेगळी केली गेली आहेत: पारिजातकातून ओलिॲनोलिक आम्ल व फ्लेव्हॉनॉल ग्लायकोसाइडे, निर्गुडीतून कॅस्टिसिन, ॲग्नुसाइड आणि 1980 नंतरच्या दशकात वर्णिलेली नेगुंडोसाइड व निशिंडासाइड. शेवटच्या नावात बंगाली ‘निशिंदा’ आहे, त्याआधीच्यात ओर्ताचा ‘नेगुंडो’. कॅस्टिसिन आणि व्हायटेक्सिकार्पिन ही दोन नावे एकाच रेणूची आहेत हे विद्यार्थ्यांनी विसरू नये, नाहीतर अमरकोशाच्या पर्यायांत जे झाले तेच रसायनाच्या सूचीत होईल.

लेखाचा मुख्य मुद्दा येथे आहे. पारिजातकाच्या पानांवरील प्रयोग यशस्वी झाला म्हणून चक्रपाणीच्या पाठाला विज्ञानाने दुजोरा दिला असे लिहिले जाते. निर्गुडीवरील प्रयोगानंतरही, शेफालिका हा तिचा पर्याय धरून, तोच दुजोरा मांडता येतो. एकाच वचनाने दोन वेगळ्या झाडांची साक्ष द्यावी आणि दोन्ही साक्षी खऱ्या ठराव्यात, यावरूनच दिसते की प्रयोगाने पाठाचा अर्थ ठरत नाही. कारणही उघड आहे. फ्लेव्हॉनॉइडे, टॅनिने, ट्रायटर्पीने ही द्रव्ये असंख्य पानांत असतात आणि पुरेशा मोठ्या मात्रेत दिली असता उंदराच्या पायाची सूज थोडीफार उतरवितात. चाळणीची भोके मोठी आहेत. शिवाय चक्रपाणी बोलतो आहे गृध्रसीविषयी, कमरेपासून पायापर्यंत धावणाऱ्या कळेविषयी; तळव्यात टोचून आणलेली तीन तासांची सूज ही तिची प्रतिमा नव्हे. प्रयोग खोटा नाही. त्याला जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिले. शेफालिका कोण, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

आणि हा केवळ पंडितांचा वाद नाही. सक्सेना यांच्या 1987 च्या निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे, त्याचा उल्लेख करण्याचे पुष्कळदा राहून जाते. पारिजातकाच्या पानांचा तो अर्क सलग सहा दिवस पोटातून दिल्यावर उंदरांच्या जठरात व्रण झाले, आणि मात्रा वाढविली तसे ते वाढले. ॲस्पिरिनसारखा गुण आला तसा ॲस्पिरिनसारखा दोषही आला. उंदरावरून माणसाविषयी थेट अनुमान काढू नये हे मान्य. तरी गृध्रसीचा रोगी काढा एक दिवस घेत नाही, महिनोन्महिने घेतो, आणि त्याच्या पेल्यात कोणते पान उकळले आहे हे एका शब्दाच्या वाचनावर अवलंबून आहे. निर्गुडीचा शेक घेणाऱ्या, तिच्या पाल्याची उशी डोकेदुखीवर वापरणाऱ्या आपल्याकडील माणसाला ‘शेफालिका म्हणजे निर्गुडीच’ असे वाचून तो पाला पोटात घ्यावासा वाटेल. त्याच वाक्यावरून बंगालमधील रोगी शिउलीची पाने उकळील. दोघांच्याही मते ग्रंथाधार एकच.

संशोधक आता वापरलेल्या वनस्पतीचा वाळविलेला नमुना संग्रहालयात ठेवून त्याचा क्रमांक निबंधात देतात. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहांचे हे ऋण मोठे आहे. झाडाची ओळख त्यामुळे पक्की होते. परंतु ते झाड ज्या ग्रंथवचनामुळे निवडले त्या वचनाचा नमुना कोठेच ठेवला जात नाही. कोणत्या आवृत्तीतील पाठ, मुळात कोणता शब्द, कोणत्या टीकाकाराचा अर्थ, हे निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात दोन ओळींत सहज लिहिता येईल. तेथे बहुधा ‘आयुर्वेदात ही वनस्पती प्रसिद्ध आहे’ एवढेच असते. रसायनशास्त्र विभागाने संस्कृत वा भाषाशास्त्र विभागाचे दार ठोठवावे आणि आपणही तिकडे जावे, एवढे जवळ आपण राहतो.

अमराने शेफालिकेस दिलेल्या पर्यायांपैकी ‘सुवहा’ या नावाचा हिशेब अद्याप राहिला आहे. हेच नाव तो रास्नेसही देतो, आणि रास्ना हे वातवेदनेवरील आणखी एक प्रमुख द्रव्य. उत्तरेत रास्ना म्हणून प्लुचिया लँसिओलाटाची पाने घेतात, बंगालात व्हँडा हे झाडावर वाढणारे आमर, केरळात अल्पिनियाचा कंद. तेथे प्रश्न दोन झाडांचा नसून निदान तिघांचा आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र लेखच हवा.